डोक्यातली, अंगावरची, जांघेतली: उवांची ओळख आणि बंदोबस्त

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की निपाणीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात एक ठरलेलं दृश्य दिसतं. बाई येते, आधी तापाच्या गोळ्या मागते, मग टूथपेस्ट, मग मागं कुणी उभं नाही ना ते बघते आणि काउंटरवर वाकून म्हणते, "ताई, पोरीच्या डोक्यात जरा ते झालंय." हुक्केरीकडची असली तर "अक्का, हेनिन औषधी कोड्री" (अक्का, उवांचं औषध द्या) असं कन्नडात म्हणते, पण आवाज तेवढाच खाली. जुलाबाचं औषध भर गर्दीत मोठ्यानं मागणारी माणसं उवांचं औषध मात्र चोरून मागतात. म्हणून ते नीट समजून न घेता घेऊन जातात, आणि महिन्याभरात पुन्हा येतात.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. काउंटरवर पाच मिनिटांत सांगता येत नाही ते इथं सविस्तर लिहितेय.

आधी कोणती ऊ ते ठरवा

माणसाच्या अंगावर तीन प्रकारच्या उवा होतात आणि तिघींवर उपाय वेगळा आहे. डोक्यातली ऊ तिळाएवढी, २ ते ३ मिलिमीटरची असते. अंगावरची ऊ दिसायला जवळपास तशीच, थोडी मोठी, पण ती राहते कपड्यांच्या शिवणीत. रक्त प्यायला तेवढी अंगावर येते आणि परत कपड्यात जाते. तिसरी जांघेतली. ती १ ते २ मिलिमीटरची, चपटी आणि खेकड्यासारखी दिसते. म्हणजे नुसत्या रूपावरून पहिल्या दोघींची गल्लत होईल. ऊ सापडली कुठं हे बघितलं की झालं.

तिघींनाही पंख नाहीत आणि त्यांना उडी मारता येत नाही. कुत्र्यामांजराकडून त्या येत नाहीत; माणसाची ऊ माणसावरच जगते. डोक्यातली ऊ एका डोक्यावरून दुसऱ्यावर चालत जाते, त्यासाठी डोकी टेकलेली लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी एका वाकळेवर सहा पोरं डोक्याला डोकं लावून झोपतात, ते तिला पुरतं. केस स्वच्छ असले तरी ती होते. रोज न्हाणाऱ्या पोरीलाही होते. त्यामुळं "आमच्यात असलं काही नसतं वो" हे वाक्य मी ऐकते आणि सोडून देते.

डोकं तपासायचं कसं

खाज सुटली की तपासू, असं करू नका. खाज येते ती उवांच्या लाळेची ॲलर्जी म्हणून, आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला ती सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. तोवर घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात पोचलेल्या असतात. एकाच्या डोक्यात सापडली की आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची. बाबांचंही.

कोरड्या केसांत उवा पळतात, सापडत नाहीत. केस धुवून ओले असतानाच भरपूर कंडिशनर लावा. घरात नसेल तर खोबरेल तेल चालेल. आधी साध्या कंगव्यानं गुंता काढा. मग पोरीला अंगणात उजेडाला पाठमोरी बसवा, खांद्यावर पांढरा पंचा टाका आणि केसांचे चार भाग करा. फणी घ्यायची ती दाट दातांची. दातांमधली फट पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. प्लॅस्टिकच्या फणीचे दात वाकतात आणि लिखा मधून निसटतात, म्हणून स्टीलची बरी. फणी डोक्याच्या कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत आणा आणि दर ओढीनंतर पंच्यावर पुसा. कानांमागं आणि मानेवरच्या केसांत जास्त वेळ द्या, उवांचं मुख्य ठाणं तिथंच असतं. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो. पंच्यावर तपकिरी तीळ पडला आणि तीळ चालायला लागला, म्हणजे काय ते कळलं.

आता लिखा. आमच्याकडं कुणी लिका म्हणतं, कन्नडवाले सीरु म्हणतात. ऊ आपली अंडी केसाच्या मुळाशी, कातडीपासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, डिंकासारख्या चिकट पदार्थानं जोडते. कोंडा फुंकरीनं उडतो, बोटानं सरकतो. लीख सरकत नाही, ती दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावी लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कातडीपासून दोन बोटं लांब दिसणारी पांढरी लीख म्हणजे कधीच फुटून गेलेलं रिकामं कवच. डोक्यात चालती ऊ एकही नाही आणि लिखा सगळ्या लांबच्या असतील, तर औषधाची गरजच नाही. निम्म्या गिऱ्हाइकांना मी इथंच औषध न देता फणी देऊन परत पाठवते. दुकानाच्या गल्ल्याला ते परवडत नाही म्हणा.

कॅलेंडर का लागतं

हा भाग समजला तर पुन्हा औषधाला यावं लागणार नाही.

मादी दिवसाला ६ ते ८ अंडी घालते आणि महिनाभर जगते. अंडं फुटायला साधारण ६ ते ९ दिवस लागतात. बाहेर आलेलं पिल्लू तीनदा कात टाकून मोठं होतं आणि साधारण आठवड्या-दीड आठवड्यानं स्वतः अंडी घालायला लागतं. बहुतेक औषधं चालत्या उवा मारतात. अंड्याच्या कवचातून आत नीट शिरत नाहीत. तुम्ही आज औषध लावलं, उद्या डोकं शांत. आठवड्यानं लिखा फुटतात, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा खाजवणं सुरू. मग औषध बोगस, दुकानदार चोर.

म्हणून दुसरा हात नऊ दिवसांनी मारायचा. तोवर सगळी अंडी फुटलेली असतात आणि नवी पिल्लं अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतात. शुक्रवारी संध्याकाळी पहिल्यांदा लावलं तर नववा दिवस पुढच्या रविवारी, म्हणजे परवाच्या नव्हे, त्याच्या नंतरच्या रविवारी येतो. सुट्टीचा दिवस. रविवारी सुरुवात केली तर मंगळवार येतो, आणि "आम्ही मंगळवारी डोक्यावरून न्हात नाही" म्हणून औषध बुधवारवर, बुधवारचं शनिवारवर जातं. शुक्रवार धरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही तारखांना पेनानं गोल करा.

औषध लावताना

दुकानात साधारणपणे पहिलं मिळतं ते १ टक्का परमेथ्रिनचं लोशन किंवा क्रीम रिन्स. दोन महिन्यांवरच्या बाळापासून पुढं ते चालतं. त्याच नावाचं ५ टक्क्यांचं क्रीमही असतं, ते खरजेसाठी अंगाला लावायचं आहे. घरातली जुनी खरजेची ट्यूब डोक्यावर पिळणारी माणसं मी पाहिली आहेत. पाकिटावरचा आकडा वाचा.

औषधाच्या दिवशी कंडिशनर आणि तेल दोन्ही बंद, त्यांच्या थरामुळं औषध केसाला लागत नाही. साध्या शाम्पूनं केस धुवा, पंच्यानं टिपून दमट ठेवा. औषध मुळांपासून लावत जा, कानांमागं आणि मानेवर विसरू नका, डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरायला द्या. घड्याळ लावून दहा मिनिटं. जास्त वेळ ठेवल्यानं जास्त उवा मरत नाहीत. मग न्हाणीत पुढं वाकवून कोमट पाण्यानं धुवा. सगळ्या अंगावरून औषधाचं पाणी वाहू देऊ नका. नंतर एक-दोन दिवस शाम्पू नको.

आठ ते बारा तासांनी डोकं बघा. उवा मेलेल्या किंवा सुस्त असतील तर औषध लागू पडलंय, फणी चालवा. पहिल्यासारख्याच तुरुतुरु पळत असतील तर त्या औषधाला दाद देत नाहीत. अशा वेळी तेच औषध पुन्हा ओतू नका, डॉक्टरांकडं जा. आयव्हरमेक्टिनच्या गोळीचा निर्णय त्यांचा: १५ किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती देत नाहीत. कोविडच्या वेळची उरलेली गोळी डब्यात आहे म्हणून वजन न बघता पोराला देऊ नका. डायमेथिकोनचं लोशनही मिळतं. ते विषारी कीटकनाशक नाही; उवेला वरून वेढून टाकतं.

या सगळ्या काळात दर दोन-तीन दिवसांनी कंडिशनर लावून फणी चालूच ठेवायची, तीन आठवडे. औषध वापरायचंच नसेल, किंवा गरोदरपणात धाकधूक वाटत असेल, तर नुसत्या फणीनंही काम होतं, पण मग चुकारपणा चालत नाही. १, ५, ९ आणि १३ व्या दिवशी पूर्ण डोकं विंचरायचं आणि १७ व्या दिवशी तपासायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर हाच मार्ग.

घर धुवून काढायची गरज नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते, आणि कातडीची ऊब नसेल तर लीख फुटत नाही. मागच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टॉवेल, ओढण्या, रिबिनी कडकडीत पाण्यात भिजवून उन्हात टाका. फणी-कंगवे गरम पाण्यात दहा मिनिटं. धुता न येणारी वस्तू पंधरा दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. घरात फवारा मारू नका.

हे डोक्याला लावू नका

रॉकेल पहिलं. कातडी भाजते, वास छातीत जातो, आणि ते लावून पोरगी चुलीपुढं भाकरीला बसली की पुढचं सांगायला नको. शेतातलं फवारणीचं औषध तर अजिबात नाही. ते डोक्याच्या कातडीतून अंगात भिनतं: उलट्या, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, श्वास अडकणं. असं झालं तर डोकं आणि अंग साबणपाण्यानं धुवा, कपडे बदला आणि डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. मुंग्यांचा खडू केसात चोळणं हाही त्याच घरातला प्रकार.

सीताफळाच्या बियांची पूड ‘गावठी’ म्हणून लोकांना निर्धोक वाटते. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते, भयंकर आग होते, डोळा उघडत नाही. असं झालेल्या एका बाईला तिच्या नवऱ्यानं हात धरून दुकानात आणलं होतं. मी नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुवायला लावला आणि रिक्षात बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. आमच्या भागात तंबाखू प्रत्येकाच्या हाताशी, त्यामुळं तंबाखूच्या पाण्यानं डोकं धुवायचा सल्लाही मिळतो. निकोटिन कातडीतून शोषलं जातं. तंबाखूच्या ओल्या पाल्यात काम करून गरगरलेल्या बाईला विचारा. आणि जुन्या बाटलीवर गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड किंवा लिंडेन असं लिहिलेलं असेल तर ती वापरू नका, लहान मुलाला झटके येऊ शकतात.

टक्कल केलं की उवा जातात, हे खरं. पण सातवीतल्या पोरीला त्यासाठी वर्षभर रुमाल बांधून शाळेत बसवणं मला शिक्षाच वाटते. फणीनं जाणाऱ्या गोष्टीला वस्तरा कशाला?

डोक्यातल्या उवांनी होणारा त्रास

डोक्यातली ऊ साथीचा ताप पसरवत नाही, एवढा दिलासा आहे. त्रास होतो तो खाजवण्यानं. रात्री झोप लागत नाही, वर्गात लक्ष लागत नाही. नखांनी कातडी फुटते, तिथं जंतू शिरतात, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात, कानांमागं आणि मानेवर गाठी येतात. अशा गाठी घेऊन आलेल्या पोरीच्या आईला मी आधी डोकं दाखवायला सांगते. पू असेल तर उवांचं औषध नंतर, आधी डॉक्टर. कातडीवरच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतर काही आठवड्यांनी क्वचित मूत्रपिंडाला सूज येते: सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, लघवी काळ्या चहासारखी. असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका. फार जास्त उवा फार दिवस राहिल्या तर रक्त कमी झाल्याच्याही नोंदी आहेत, विशेषतः आधीच अशक्त असलेल्या मुलांत.

आणि जट. डोक्यात उवा, खाजवून पू, वरून तेल आणि धूळ, दुखतं म्हणून विंचरणं बंद. केस एकमेकांना चिकटतात आणि दोरासारखी जट तयार होते. सौंदत्तीचा डोंगर आम्हाला लांब नाही. इथं जट दिसली की यल्लम्माचं नाव निघतं, हात लावायला घरचे घाबरतात, आणि एकेकाळी त्यावरून पोरीच देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर 1982 च्या कायद्यानं बंदी आली. मी देवीच्या श्रद्धेवर वाद घालत नाही, दरवर्षी आमच्या घरूनही यात्रेला जातात. पण पाच वर्षांपूर्वी एका अकरा वर्षांच्या पोरीची जट मी जवळून पाहिली. मनगटाएवढी जाड, खालून ओलसर, वास मारणारी, आणि उजेडात धरली तर पृष्ठभागावर तीळ हलत होते. आईशी तीन वेळा बोलावं लागलं. चौथ्या वेळी तिनं स्वतःच कात्री मागितली. आधी डॉक्टरांकडून पू बरा करून घेतला, मग कातडीपासून बोटभर अंतर सोडून जट कापली. पोरगी पहिल्यांदा मान दोन्हीकडं वळवून बघत होती, वजन उतरल्यासारखी.

अंगावरची ऊ: उपचार कपड्यांवर

ही आमच्याकडं क्वचित दिसते, पण धोक्याची खरी तीच. एकच कपडा आठवडेच्या आठवडे अंगावर राहतो, बदलायला दुसरा नाही आणि धुवायला पाणी नाही, तिथं ती होते. ऊसतोडीच्या हंगामात शेताच्या कडेला कोपी टाकून राहणाऱ्यांना हंड्यानं पाणी मोजावं लागतं. दोष द्यायचाच तर तो पाण्याला द्या. मी पाहिलेला माणूस एकटा राहणारा म्हातारा होता. कमरेभोवती आणि काखेत खाजवून कातडी काळवंडलेली, जाडसर झालेली. मलमाचं नाव सांगण्याआधी माझ्या नवऱ्यानं त्याच्या बंडीची शिवण उलटी केली. दोऱ्यावर मण्यांची माळ ओवल्यासारखी अंडी.

या उवेच्या मार्फत तीन ताप पसरतात: साथीचा टायफस, ट्रेंच फीवर आणि उवांमुळं उलटून येणारा ताप. नेपोलियनची 1812 ची रशियावरची मोहीम थंडी-उपासमारीइतकीच टायफसनंही खाल्ली. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आलं की टायफसचा रोगी इस्पितळाच्या दाराशी आंघोळ घालून, त्याचे कपडे काढून घेतल्यावर आत आणला की वॉर्डात कुणाला लागण होत नाही, पण ते कपडे हाताळणाऱ्यांना होते. त्यावरून 1909 मध्ये त्यांनी उवेचा हात सिद्ध केला आणि त्यांना 1928 चं नोबेल मिळालं. टायफसचे जंतू उवेच्या विष्ठेत असतात आणि खाजवलेल्या जखमेतून आत जातात. उलटून येणाऱ्या तापाचे जंतू ऊ चिरडली की बाहेर पडतात. म्हणून कपड्यातली ऊ नखावर टचकन मारायची सवय सोडा.

उपाय साधा: साबणानं आंघोळ, अंगावरचे सगळे कपडे आणि पांघरूण उकळत्या पाण्यात, वाळल्यावर शिवणींवरून कडक इस्त्री. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी धुतलेला कपडा मिळेल अशी सोय. अंगाला औषध लागतंच असं नाही. बरोबर जोराचा ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ असेल तर मात्र डॉक्टरांना उवांचं आवर्जून सांगा.

एक गल्लत मात्र काढून टाका. हल्ली आपल्याकडं रक्ताच्या रिपोर्टवर ‘टायफस’ येतो तो बहुधा स्क्रब टायफस असतो. तो उवांचा नाही, गवता-झुडपातल्या माइट नावाच्या, गोचिडीच्या नात्यातल्या बारीक किड्यांच्या पिल्लांचा. चावल्या जागी काळी खपली दिसते. खानापूरकडच्या जंगलपट्ट्यात गोचिडीचीही भीती असते. शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला माकडताप गोचिडीतून येतो. उवांचा त्याच्याशी संबंध नाही.

जांघेतली ऊ

पुरुष गिऱ्हाईक माझ्याकडं येत नाही, नवरा मोकळा व्हायची वाट बघत पायरीवर उभं राहतं. ही ऊ मुख्यतः शरीरसंबंधातून येते, क्वचित एकाच टॉवेल-अंथरुणातून. निरोध वापरला तरी ती थांबत नाही, कारण ती केसांतून केसांत जाते. जांघेत रात्रीची खाज, अंतर्वस्त्रावर रक्ताचे बारीक ठिपके, कधी मांडीवर निळसर डाग. १ टक्का परमेथ्रिन तिथल्या केसांना दहा मिनिटं, मग धुवून टाकायचं, नऊ-दहा दिवसांनी पुन्हा. नुसते केस काढून भागत नाही, कारण ती छाती, काख, दाढीतही असू शकते. जोडीदारालाही त्याच दिवशी औषध, नाहीतर ती परत येते. दोघांनी बाकीच्या गुप्तरोगांच्या तपासण्या करून घ्याव्यात. सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसीत (सल्ला-तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही.

पापण्यांत ऊ सापडली तर तिथं कुठलंही लोशन नको. डोळ्यांसाठीचं व्हॅसलीनसारखं मलम दिवसातून दोन ते चार वेळा, दहा दिवस, तेही डॉक्टरांना विचारून. लहान मुलाच्या पापण्यांत ही ऊ दिसली तर ते अत्याचाराचंही लक्षण असू शकतं, म्हणून मुलाला न रागावता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटली तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

आणि बोलायला जड जात असेल तर चिठ्ठीवर एवढंच लिहून आणा: कुठली ऊ, कुणाला, वय काय, वजन किती. मराठीत लिहा, कन्नडात लिहा, दोन्ही आम्हाला वाचता येतं.